थांबलेल्या चेनचं प्रात्यक्षिक

“माझ्या हातात आलेलं यंत्र माझं ऐकतं. जे ऐकत नाही ते यंत्रच नव्हे, तो नातेवाईक!”

गुरुवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एक भलीमोठी चेन सॉ ठेवत हेल्मेटरावांनी हे जाहीर केलं, तेव्हा घरात दोन नातेवाईक हजर होते. एक त्यांची बायको. तिनं मान वर न करताच सांगितलं, “आधी ते धूड टेबलावरून उचला.” दुसरे त्यांचे वडील, वय वर्षं ब्याऐंशी. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, करवतीकडे डोळे भरून पाहिलं आणि विचारलं, “किती सीसीचं आहे रे बाळ?”

हेल्मेटराव हे काही त्यांचं खरं नाव नाही. लाकडाच्या एका मोठ्या वखारीत ते गेली चोवीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते आणि चोवीस वर्षं त्यांच्या डोक्यावरचं पिवळं हेल्मेट कोणी उतरलेलं पाहिलं नव्हतं. चहा पितानाही नाही. वखारीतली सुरक्षा नियमांची वही त्यांनी स्वतः लिहिली होती आणि त्यातला नियम क्रमांक एक त्यांना झोपेतही पाठ होता: ‘यंत्राला हात कोणी लावला हे विचारू नये. यंत्र उघडं कोणी ठेवलं हे विचारावं. दोष त्याचा.’ या एका नियमाखाली त्यांनी अर्ध्या वखारीकडून लेखी माफीनामे घेतले होते. एकदा तर मोठ्या साहेबांकडूनही!

आता वखारीत मुख्य सुरक्षा अधिकाऱ्याची जागा रिकामी झाली होती. उमेदवार दोन. एक हेल्मेटराव आणि दुसरा चार वर्षांपूर्वी आलेला एक तरतरीत गडी, ज्याला सगळे ‘स्लाइडवाला’ म्हणत. त्याला काहीही विचारा, तो लॅपटॉप उघडून स्लाइड दाखवायचा. “पाणी कुठं मिळेल?” असं विचारलं तरी आधी विषयप्रवेश, मग आकडेवारी, शेवटी धन्यवाद. मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं होतं की सोमवारी सकाळी दोघांनी सगळ्या कामगारांसमोर पंधरा-पंधरा मिनिटं बोलायचं. ज्याचं लोकांच्या डोक्यात शिरेल, त्याला जागा.

चोवीस वर्षं ज्या जागेची वाट पाहिली, ती आता पंधरा मिनिटांवर आली होती. हेल्मेटरावांना ती हवी होती. अगदी मनापासून हवी होती, आणि ती स्लाइडवाल्याला मिळाली तर त्याच्या हाताखाली सही करावी लागेल, हा विचार त्यांना सोसवत नव्हता.

“तो चित्रं दाखवणार,” ते बायकोला म्हणाले. “मी खरंखुरं यंत्र दाखवणार! हे बघ, या करवतीला एक खोड आहे. रेस दिली नाही, नुसतं इंजिन चालू ठेवलं, तरी हिची चेन फिरत राहते. फिरायला नको. रेस सोडली की चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. नाहीतर माणूस बेसावध, आणि पाय गेला! मी ही स्वतः दुरुस्त करणार आणि सोमवारी सगळ्यांसमोर चालू करून दाखवणार. इंजिन चालू, चेन स्तब्ध! काय बिशाद आहे कोणाची?”

“आणि नाही झाली दुरुस्त तर?”

“हा प्रश्न तू चोवीस वर्षांत कितव्यांदा विचारतेयस?”

“मोजले नाहीत. पण मिक्सर, इस्त्री आणि गिझर धरून सांगू का?”

हेल्मेटरावांनी करवत उचलली आणि मागच्या अंगणात नेली.

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली. सकाळी हेल्मेट, गॉगल, हातमोजे, कानावर आवाज अडवणारे जाडजूड मफ आणि पायात पोलादी टोपीचे बूट अशा थाटात ते अंगणात उतरले. शेजारच्या कुत्र्यानं त्यांना बघितलं आणि भुंकायचं सोडून घरात पळ काढला. वडील आपली वेताची खुर्ची घेऊन आधीच येऊन बसले होते.

हेल्मेटरावांनी दोरी ओढली. इंजिन धडधडलं. त्यांनी रेस सोडली, आणि चेन खरोखरच सावकाश, निवांतपणे फिरत राहिली.

“पाहिलंत बाबा? इंजिन हळू चालायला हवं तिथं जरा जोरात चालतंय. त्यामुळं क्लच चेनला धरतो. कारण एकच, हा स्क्रू!” करवतीच्या बाजूला एका बारीक भोकात एक स्क्रू होता. हेल्मेटरावांनी तो डावीकडे पाव फेरा फिरवला. इंजिनाचा आवाज खाली आला. चेन थबकली. थरथरली. आणि थांबली!

“दीड मिनिट!” हेल्मेटराव घड्याळ बघत ओरडले. “मेकॅनिकनं चार दिवस लावले असते.”

वडील मात्र खूश दिसले नाहीत. त्यांनी कान पुढे केला. “धाप लागल्यासारखं वाटतंय रे त्याला.”

“बाबा, ते असंच चालायला हवं.”

“बंद पडेल हं बाळ.”

“नाही पडणार. हा तुमचा जनरेटर नव्हे!”

आता हे सांगायला हवं, की वडिलांनी चौतीस वर्षं एका इस्पितळात जनरेटर चालवला होता. वीज गेली की आत ऑपरेशन टेबलावर पडलेला माणूस आणि त्याच्यावर वाकलेला डॉक्टर, दोघंही वडिलांच्या भरवशावर. चौतीस वर्षांत जनरेटर एकदाही बंद पडला नाही. इंजिनाचा आवाज जरा खाली आला की त्यांचं काळीज खाली यायचं. म्हणजे बापाचा जन्म गेला यंत्र बंद पडू नये म्हणून, आणि लेकाचा गेला यंत्र वेळेवर थांबावं म्हणून! एका छपराखाली दोघं इतकी वर्षं गोडीगुलाबीनं राहिले, कारण इंजिनावर चालणारं यंत्र घरात आजवर आलंच नव्हतं.

दुपारी जेवण झालं. हेल्मेटरावांनी मोठ्या साहेबांना फोन लावला, “साहेब, काम फत्ते! सोमवारी पुढच्या रांगेत बसा,” असं सांगितलं आणि तासभर निवांत झोप काढली. उठल्यावर बायकोला हाताला धरून अंगणात आणलं. “ये, बघ तुझ्या नवऱ्याची करामत.”

दोरी ओढली. इंजिन झोकात सुरू झालं. चेनही झोकात फिरू लागली.

“फिरतेय की!” बायको म्हणाली.

“फिरतेय?” हेल्मेटराव वाकून बघू लागले. “सकाळी थांबली होती! बाबा, थांबली होती ना?”

“थांबली होती,” वडील प्रामाणिकपणे म्हणाले. “आता मस्त चालतंय.”

हेल्मेटरावांनी क्षणभर विचार केला. विचार करायला त्यांना फार वेळ लागत नसे, कारण उत्तर त्यांच्याकडे आधीच तयार असे. “एअर फिल्टर! फिल्टरमध्ये भुसा अडकला की इंजिन असा लहरीपणा करतं. हे मला सकाळीच कळलं होतं, पण म्हटलं आधी सोपं ते करू.”

फिल्टर बाहेर काढला. त्यात इतका भुसा होता की एखाद्या लहान उशीत भरता आला असता. तो साफ करायला त्यांनी बाथरूममधला एक जुनापुराणा टूथब्रश घेतला. फिल्टर स्वच्छ झाला, परत बसला, स्क्रू पुन्हा पाव फेरा डावीकडे गेला आणि चेन पुन्हा थांबली. तो टूथब्रश जुनापुराणा नव्हता, बायकोनं तो तीनच दिवसांपूर्वी आणलेला होता, हे त्यांना रात्री दात घासायच्या वेळी समजलं. पण विजयी वीराला अशा किरकोळ गोष्टींची पर्वा नसते.

शनिवारी सकाळी चेन फिरत होती!

“हे शक्यच नाही,” हेल्मेटराव म्हणाले. ते गुडघ्यांवर बसले, भोकात टॉर्च मारला आणि त्यांचा चेहरा उजळला. “सापडलं! इंजिनाच्या हादऱ्यानं स्क्रू आपोआप फिरतोय.”

“बंद असताना?” बायकोनं दारातून विचारलं.

“हादरा आत साठून राहतो.”

“साठून?”

“तुला यातलं कळायचं नाही. तुझं नेलपॉलिश कुठं आहे?”

स्क्रू पुन्हा डावीकडे फिरवून लाल नेलपॉलिशचा एक थेंब त्यांनी स्क्रूवर आणि बाजूच्या प्लॅस्टिकवर असा टेकवला, की स्क्रू केसभर जरी हलला तरी रेघ तुटावी. चेन थांबली होती. रेघ वाळू लागली. वडील खुर्चीत बसून सगळं लक्ष देऊन पाहत होते. “रंग कशाला लावलास?” त्यांनी विचारलं.

“ते माझं गुपित आहे बाबा,” हेल्मेटराव म्हणाले आणि खबरदारी म्हणून क्लचच्या स्प्रिंगा आणायला बाजारात गेले.

स्पेअरपार्टच्या दुकानात काउंटरमागं एक जाड भिंगाच्या चष्म्याचे दुकानदार होते. त्यांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली.

“स्क्रू खाली केला की थांबते?”

“थांबते!”

“आणि काही तासांनी परत फिरते?”

“फिरते!”

“मग घरात कोणीतरी स्क्रू फिरवतंय.”

हेल्मेटराव दुकान दणाणून टाकत हसले. “अहो, चोवीस वर्षं मी सुरक्षा अधिकारी आहे! माझ्या घरात माझ्या परवानगीशिवाय स्क्रूकडं वाकड्या नजरेनं बघायची कोणाची छाती नाही. तुम्ही स्प्रिंगा द्या.”

दुकानदारांनी स्प्रिंगा दिल्या. गिऱ्हाईक शहाणं निघालं की ते वाद घालत नसत.

घरी येऊन बघतात तर लाल रेघ तुटलेली नव्हती. ती नव्हतीच! स्क्रू, प्लॅस्टिक, सगळं लख्ख. आणि चेन फिरत होती.

“तू पुसलंस?” त्यांनी बायकोला विचारलं.

“मी? एक तर माझा ब्रश गेला, वर नेलपॉलिश करवतीला गेलं, आता पुसायला मी बसू?”

“म्हणजे पेट्रोलच्या वाफेनं विरघळलं!” हेल्मेटराव म्हणाले. खुर्चीत वडील हातरुमालाची घडी घालत होते. रुमालाला लाल डाग होता. हेल्मेटरावांनी तो पाहिलाही. “बाबा, दाढी करताना कापलं का?” त्यांनी काळजीनं विचारलं.

“नाही रे. घाण होती, पुसली,” वडील म्हणाले. पण तोवर हेल्मेटरावांनी कानावर मफ चढवले होते.

रविवारचा दिवस क्लचचा होता. क्लच हा करवतीतला असा भाग आहे की इंजिन जोरात फिरलं की तो पसरून चेनला धरतो आणि हळू झालं की स्प्रिंगा त्याला आत ओढून घेतात. स्प्रिंगा सैल पडल्या तर तो चेन सोडतच नाही. हे हेल्मेटरावांनी बायकोला तीनदा समजावलं. मग पाना लावला आणि क्लच डावीकडे फिरवायला घेतला, कारण जगात काहीही सोडवायचं तर ते डावीकडेच फिरवावं लागतं. क्लचबरोबर अख्खं इंजिनच फिरू लागलं.

“आत दोरी घाला,” बायको म्हणाली.

“कुठं?”

“प्लग काढा आणि त्या भोकातून आत दोरी सोडा. इंजिन आतून अडेल. बाबांच्या दुकानात स्कूटरला असंच करायचे.”

तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि मधल्या काळात त्यांनी स्कूटरीही हाताळल्या होत्या. ही माहिती हेल्मेटरावांना होती, पण तिचा उपयोग करायची वेळ चोवीस वर्षांत आली नव्हती. त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी कापली. वाळत घातलेले कपडे मातीत आले. दोरी आत गेली, इंजिन अडलं, आणि हेल्मेटराव पान्यावर तुटून पडले. एका हातानं ओढलं, दोन हातांनी ओढलं, शेवटी पान्यावर उभे राहिले. पाना सटकला, हवेत गेला आणि न्हाणीघराची काच फोडून आत बादलीत पडला!

“उजवीकडे फिरवा,” बायको म्हणाली.

“सोडवायला? उजवीकडे?”

“उलटे आटे आहेत. सायकलचं डावं पॅडल कुठं डावीकडे सुटतं? दहा वर्षांची असल्यापासून सोडवतेय मी.”

“हे सायकल नाही. हे यंत्र आहे!”

“मग ओढत बसा.”

तिला खोटं पाडण्यासाठी, निव्वळ तेवढ्यासाठी, हेल्मेटरावांनी पाना उजवीकडे फिरवला. क्लच लोण्यासारखा सुटला. हेल्मेटरावांनी तो फडक्यानं तीनदा पुसला.

“मी तेच म्हणणार होतो,” हेल्मेटराव शेवटी म्हणाले.

नव्या स्प्रिंगा बसल्या. दुपारी चार वाजता करवत सुरू झाली आणि चेन अशी थांबली की तिच्यावर फुलपाखरू बसलं तरी चालावं. पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. चेन ढिम्म! बायकोनं स्वतः वाकून पाहिलं आणि म्हणाली, “अहो, खरंच थांबली की!” हे ऐकून हेल्मेटरावांना खरोखर गहिवरून आलं. त्यांनी करवत तिथल्या तिथं गाडीच्या डिकीत ठेवली, डिकीला कुलूप लावलं आणि किल्ली रात्री उशीखाली ठेवायची असं ठरवलं. नियम क्रमांक एक!

वडिलांनी रात्री जेवताना एकदाच विषय काढला. “बाळ, फार हळू चालतंय ते. चार लोकांत बंद पडलं तर?”

“बाबा, तुम्ही निश्चिंत राहा.”

पण ते निश्चिंत राहतील कसे? मुलाची चोवीस वर्षांची नोकरी, समोर मोठे साहेब, सगळी वखार, आणि ऐन वेळी यंत्रानं मान टाकली तर! वडिलांनी त्या रात्री तीनदा पाणी मागितलं. सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते. “मी पण येतो,” ते म्हणाले. “तुझं भाषण कधी ऐकलं नाही मी.”

हेल्मेटरावांनी वडिलांना पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतःच्या हातानं त्यांचा पट्टा लावला.

वखारीच्या पटांगणात एका बाजूनं उघड्या पत्र्याच्या शेडखाली खुर्च्या मांडल्या होत्या. समोर लांब टेबल, त्यावर पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, फुलदाणी, पाण्याचे जग आणि कडेला स्लाइडवाल्याचा लॅपटॉप. हेल्मेटरावांनी गाडी शेडजवळ लावली आणि डिकी उघडली. तेवढ्यात आठवलं की आग विझवायचं नळकांडं ऑफिसातच राहिलं. ते आणल्याशिवाय यंत्र सुरू करणं म्हणजे नियम क्रमांक सात मोडणं!

“बाबा, मी दोन मिनिटांत आलो. डिकीकडे लक्ष ठेवा. कोणालाही हात लावू देऊ नका!”

“तू जा,” वडील म्हणाले आणि सदऱ्याच्या खिशात हात घातला.

हेल्मेटराव परतले तेव्हा वडील डिकीसमोर शिपायासारखे ताठ उभे होते. “कोणीही फिरकलं नाही,” त्यांनी ग्वाही दिली. वडिलांचा हा स्वभाव होता. ते कधीही खोटं बोलत नसत.

मोठे साहेब आले. कामगार बसले. वडिलांना पहिल्या रांगेत मधोमध जागा मिळाली. हेल्मेटरावांनी करवत टेबलावर ठेवली. खरं तर त्यांना उघडा लाकडी बाक हवा होता, पण त्यावर स्लाइडवाल्याचा मोठा टीव्ही विराजमान झाला होता. असू दे, चेन तर जागची हलणार नाही, मग टेबल काय आणि बाक काय! त्यांनी चेनला ब्रेक लावला, दोरी ओढली, इंजिन सुरू झालं. कानावर मफ चढवले. कॉलरला माइक लावला. इंजिन जरा तापू दिलं आणि मग ऐटीत ब्रेक सोडून करवतीकडे पाठ फिरवून श्रोत्यांसमोर उभे राहिले.

“मित्रांनो! माझ्या मागे इंजिन चालू आहे आणि चेन थांबलेली आहे. नीट बघा! डोळे भरून बघा!”

लोक बघू लागले. वडिलांनी डिकीपाशी दोन मिनिटांत स्क्रू पाव फेरा नव्हे, चांगला दीड फेरा उजवीकडे फिरवला होता. कार्यक्रम मोठा होता ना! चेन मजेत फिरत होती आणि तिच्या दातांना टेबलक्लॉथची एक सुरकुती लागली होती.

“हीच ती शिस्त!” हेल्मेटराव म्हणाले. मागं टेबलक्लॉथ हातभर सरकला. त्याच्याबरोबर फुलदाणी सरकली. “शिस्त म्हणजे काय? ज्याला जिथं ठेवलं, तो तिथंच राहिला पाहिजे!” फुलदाणी आडवी झाली. पाण्याचे जग एकमेकांना टेकत रांगेनं निघाले. मोठे साहेब उठून उभे राहिले. हेल्मेटरावांना कानांवरच्या मफमुळं काहीच ऐकू येत नव्हतं, पण साहेब उभे राहिलेले दिसले आणि त्यांचा आवाज आणखी चढला. मग कामगारही उठले. हात हलवू लागले. एवढा प्रतिसाद चोवीस वर्षांत कधी मिळाला नव्हता! “बसा, बसा,” ते विनयानं म्हणाले. “अजून मुख्य मुद्दा यायचा आहे.”

मुख्य मुद्दा आला. लॅपटॉप टेबलाच्या काठावर आला, क्षणभर डोलला आणि पाण्याच्या दोन जगांसह खाली कोसळला. स्लाइडवाल्यानं झेप घेतली, पण त्याच्या हातात फक्त फुलं आली. टेबलक्लॉथ करवतीच्या पोटात गच्च बसला, इंजिन घरघरलं आणि बंद पडलं.

हेल्मेटरावांनी मागं वळून पाहिलं. मग मफ काढले. शेडमध्ये अशी शांतता पसरली की खाली पाण्याचा थेंब पडत होता तोही ऐकू येत होता. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून एकट्या वडिलांच्या टाळ्या वाजल्या. “छान चाललं रे!” ते म्हणाले. “कापड मध्ये आलं म्हणून बंद पडलं, नाहीतर पडत नव्हतं!”

टाळ्या वाजवणाऱ्या त्या हातात एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर होता.

तीन दिवसांचा सगळा हिशेब हेल्मेटरावांच्या डोक्यात एकदम जुळला. वेताची खुर्ची, हातरुमाल, ‘मस्त चालतंय’! आधी त्यांना राग आला. इतका, की हेल्मेट काढून जमिनीवर आपटावंसं वाटलं. पण समोर ते म्हातारे डोळे अभिमानानं भरून आले होते. राग घशापर्यंत आला आणि तिथंच बसला. आपलेच दात, आपलेच ओठ!

“हे काय आहे?” मोठे साहेब कडाडले. “दुरुस्त केली होतीत ना? यंत्राला कोणी हात लावला?”

सगळी वखार कान टवकारून बसली.

“साहेब, हात कोणी लावला हे विचारू नये,” ते हळू आवाजात म्हणाले. “डिकी उघडी मी ठेवली. चालत्या यंत्राकडे पाठही मीच फिरवली. दोष माझा.”

मागच्या रांगेत कोणीतरी नियम क्रमांक एक मोठ्यानं म्हणून दाखवला.

मग स्लाइडवाल्याची पाळी आली. त्याच्याकडे लॅपटॉप नव्हता, स्लाइड नव्हती, धन्यवादसुद्धा नव्हता. तो घाबराघुबरा उभा राहिला, घाम पुसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा नुसता बोलू लागला. “हे टेबल बघा,” तो म्हणाला. “हा कपडा म्हणजे तुमची विजार आहे असं समजा.” बस्स! पंधरा मिनिटं एक माणूस हलला नाही. तो प्रत्येक मुद्द्याला टेबलाकडे बोट दाखवायचा आणि प्रत्येक मुद्दा डोक्यात शिरायचा. पाठ न फिरवणं, सैल कपडा न ठेवणं, मफ घातल्यावर डोळे उघडे ठेवणं. हेल्मेटरावांनीसुद्धा मान डोलवली. मोठ्या साहेबांनी जागा तिथल्या तिथं त्याला देऊन टाकली आणि हेल्मेटरावांकडून एक लेखी माफीनामा घेतला.

दोघं गाडीनं परतीच्या वाटेला लागले. मग वडिलांनी विचारलं, “मिळाली ना जागा?”

“नाही मिळाली बाबा.”

“का रे?”

“यंत्र थांबलं नाही म्हणून.”

वडिलांनी त्यांच्याकडे अविश्वासानं पाहिलं. “यंत्र थांबलं नाही म्हणून जागा जाते? आमच्या वेळी थांबलं की जायची!”

हेल्मेटरावांनी गिअर बदलला. काय सांगणार? हा माणूस तीन दिवस ऊन खात अंगणात बसला होता ते आपल्या लेकाची लाज राखायला. रात्रभर झोपला नव्हता तोही त्यासाठीच. जागा गेल्याचं दुःख होतं, भरपूर होतं, पण शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यावर जीवही तितकाच जडलेला होता, आणि दोन्ही एकदम सोसायची हेल्मेटरावांना सवय नव्हती. “तुमचं बरोबर आहे बाबा,” ते म्हणाले. “तुमच्यामुळं बंद नाही पडलं.”

वडिलांचा चेहरा फुलला. पुढं सिग्नल लाल झाला. हेल्मेटरावांनी ब्रेक दाबला, गिअर काढला आणि पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण उचलला. गाडी थांबली. इंजिन मात्र घाटात ट्रक चढावा तसं गर्जत होतं. बाजूचा स्कूटरवाला दचकून दोन हात पलीकडे सरकला.

हेल्मेटरावांनी सावकाश मान वळवली. वडील खिडकीबाहेर बघत होते.

“तू नळकांडं आणायला गेलास ना,” ते म्हणाले, “तेव्हा दोन मिनिटं होती. म्हटलं, बॉनेटही उघडून बघावं.”